डाव्या हातातला लूम

शाळेच्या हॉलमधल्या पियानोवर धम्मदिना सरावाला बसली की उज्मा हमखास मागच्या बाकावर येऊन टेकायची. दोघी याच शाळेच्या. धम्मदिना आता पोस्टात, उज्मा शाळेच्या भिंतीला लागून असलेला वडिलांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना सांभाळते.

धम्मदिनाने नाताळची तीन जुनी गाणी एकात गुंफली होती: मेंढपाळांचं, ताऱ्याचं आणि बाळाला निजवायचं. नुसती गुंफली असती तर निभलं असतं. पण व्हिडिओ बघून बघून पियानो शिकलेली बाई. हात दाखवल्याशिवाय तिला चैन कसली? लांब उड्या, वरून खाली धावणारे सूर, शेवटी तर दहा बोटांची अशी झुंबड, की कसलेल्या वाजवणाऱ्याचंही मनगट भरून यावं.

हे सगळं शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर बेनेडिक्टांसाठी. गाणी त्यांनीच लहानपणी वर्गात शिकवलेली. आता त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. माणसं विसरल्या तरी गाणं ओळखतील, आणि गाण्यामागून आपण सापडू, एवढीच धम्मदिनाची आस.

शुक्रवारी लूम बंद. ती शांतता साधून तिने सिस्टरना हॉलमध्ये आणलं आणि सगळं वाजवलं. एक सूर चुकला नाही. सिस्टर अदबीने म्हणाल्या, "फार छान. कुठलं गाणं हे?"

त्यांना खोलीत सोडून ती परतली, तेव्हा उज्मा म्हणाली, "रडू नको गं दिना. मला पण नाय ओळखता आलं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाय, पण गायलेय ना! बाळाचं गाणं एवढं निवांत कधी गायलो आपण? भिंतीपलीकडे अब्बांचे लूम धडधडायचे. ठोक्यावर श्वास घ्यायचा, की पुढची ओळ. ते बाळ झोपतंय कसलं, दचकून उठलं असेल."

धम्मदिना हसली. खरंच की. ते गाणं धावतंच असतं, असं लहानपणी सगळ्यांना वाटायचं. मोठेपणी पुस्तकात बघून तिने लय सुधारली, आणि त्या सुधारण्यात लूम पुसून टाकला.

धावते सूर तिने काढले नाहीत. तेवढी साधू ती नव्हती. पण बाळाच्या गाण्यात डावा हात लूमला दिला. खाली खटाक-खट, खटाक-खट, आणि वर उजवा हात बाळाला थोपटतोय. आधीच्या सगळ्या उड्यांपेक्षा हे अवघड निघालं.

"हळू पडला तुझा लूम," उज्मा बाकावरून ओरडायची. "पट्टा सुटला काय?"

नाताळच्या दुपारी हॉल भरला. उज्माने कारखान्याला सुट्टी दिली होती. "एका वेळी एकच लूम बरा," म्हणाली.

मेंढपाळ येऊन गेले, तारा उगवला. पहिल्या रांगेतल्या सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मग डावा हात सुरू झाला. सिस्टरची मान वळली. ओठ हलू लागले. धम्मदिनाने श्वास रोखून धरला आणि तिची बोटं पळायला लागली.

"पंढरी!" सिस्टर कडाडल्या. "ठोक्यावर श्वास घे! पुढे पळू नको!"

पंढरी म्हणजे धम्मदिना-उज्माच्या वर्गातला, कायम एक ओळ पुढे गाणारा. धम्मदिनाचं नाव कुठेच नव्हतं. तिला हसू आलं, डोळेही भरले. आणि खरं सांगायचं तर ती पळतच होती.

"हो सिस्टर," ती म्हणाली, आणि पुढच्या ठोक्यावर तिने श्वास घेतला.