बाटलीवरची मुंडकी

माझं नाव इंदूबाई. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या कुंभिवलीत हे कुणाला ठाऊक नाय. मी संतोषची आई, लडकूभावजींची वहिनी, हायवेवरच्या गिऱ्हाइकांची लोणचंवाली काकी. आणि आमच्या मालकांची 'अगं ए'. मी त्यांचं नाव बिनधास्त घेते, येसाजी. काय होतं घेतलं तर? त्यांनी माझं घेतलं ते एकदाच, लग्नात, उखाण्यात. तेपण मागनं मावशीनं कानात सांगितलं तेव्हा.

म्हणून सून सुप्रिया म्हणाली, "आई, बाटलीवर तुमचंच नाव टाकू," तेव्हा मला काय वाटलं ते माझं मला माहीत. पोर हुशार हाय. कर्जतच्या एका रिसॉर्टवाल्या मॅडमना तिनंच माझं लोणचं चाखवलं. मॅडम म्हणाल्या, दोनशे बाटल्या द्या, पण वर ब्रँड पायजे, आणि ज्याच्या हातचं लोणचं त्याचाच फोटो पायजे. सुप्रियानं हिरव्या साडीतला माझा फोटो काढून खोपोलीला आदिलला पाठवला, नाव मागनं कळवते म्हणाली. त्याचं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान हाय. "काकी, एक नंबर!" म्हणाला. मी चार दिवस येताजाता आरशात बघत व्हते.

पण छापायच्या आधी एकदा नजर टाकून येतो म्हणून मालक आणि भावजी खोपोलीला गेले. तिथंच घात झाला.

स्टिकर आले. मधी येसाजी, हात जोडून. डावीकडं लडकूभावजी, काळा गॉगल लावून. उजवीकडं माझा संतोष, मोबाईल कानाला. खाली गावच्या मंडळाच्या अध्यक्षांसकट सात मुंडकी, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात तशी. वर सोनेरी अक्षरात 'येसाजी लोणचे'. कैरीच्या लोणच्यावर पिवळाधमक हापूस. आणि मी? मी कुठंच नाय! सुप्रियानं स्टिकर लावलेली बाटली तीनदा फिरवून बघितली.

"अवो, माझा फोटो कुठं गेला?"

"जागा नाय उरली," मालक म्हणाले.

"आणि वहिनी, बाईमाणसाचं नाव बाटलीवर बरं दिसतं का?" भावजी म्हणाले. "बाटली कुठंकुठं फिरणार."

"बाईमाणसाच्या हातचं ताटात बरं दिसतं, व्हय भावजी?"

डोकं असं फिरलं म्हणून सांगू! चुलीमागं जाऊन रडले, खोटं कशाला बोलू. मग पदरानं डोळे पुसले आणि सुप्रियाला म्हटलं, "मॅडमना बोलव. उद्याच."

मॅडम लोणचं करतानाचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन आल्या. त्यांनी स्टिकर बघितला, ओटीवर बसलेली माणसं बघितली. "अरे वा, सगळे घरीच आहेत! लोणचं तुम्हीच बनवता ना?"

कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "व्हय तर! हेच बनवतात. मी आपली च्या करते."

नाय म्हणावं तर दोनशे बाटल्या गेल्या. बसले बिचारे. मालकांच्या हातात मोठा आडकित्ता दिला, कैऱ्या फोडायला. पयलीच कैरी उडून मॅडमच्या पायाशी गेली. संतोषला मिरचीपूड कालवायला लावली. तेवढ्यात त्याला कंपनीचा फोन आला आणि गाढवानं तोच हात कानाला लावला. भावजींना दिली मोहरी फेसायला. ताजी फेसलेली मोहरी नाकात गेली की मेलेला माणूस उठून बसतो.

"गॉगल लावा की भावजी, फोटोत किती शोभतो!"

लावला. गॉगलखालनं पाण्याच्या धारा लागल्या.

"मॅडम, मला स्टिकरवरनं काढा!" भावजी पाट सोडून उठले. "माझा काय संबंध नाय या लोणच्याशी!" संतोष तर कधीच नळाखाली कान धरून बसला व्हता.

मॅडमनी कॅमेरा खाली घेतला. "मग बनवतं कोण?"

मी च्याचा ट्रे घेऊन उभी. मनात म्हटलं, बघू तरी कोण बोलतं.

मालकांनी आडकित्ता खाली ठेवला. सुप्रियानं आदिलला फोन लावून त्यांच्या पुढ्यात धरला.

"बोला काका, काय बदलायचं?"

"सगळी मुंडकी काढ. माझंबी. हिचा फोटो टाक."

"आणि नाव?"

"हिचंच."

"पण काय लिहू, काका? काकींचं नाव काय?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. साठीचा माणूस, पण मानेपासून लाल झाला. दोनदा खाकरले.

"इंदूबाई," म्हणाले, हळूच.

"आवाज येत नाय, काका!"

"इंदूबाई!"

असे ओरडले, असे ओरडले, की पलीकडची ठमी हातातलं भांडं तसंच घेऊन कुंपणाशी धावत आली. तीस वर्षं शेजारीण हाय माझी.

"काय झालं गं?" ती मलाच विचारते. "इंदूबाई कोण?"

"मी," मी म्हटलं. "मी हाय इंदूबाई."