नऊ वर्षं कोणाची

बाबांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट प्लायवूडच्या कारखान्यात करवतीखाली गेलं, माझ्या जन्माच्याही आधी. तिथले सोबती त्यांना 'आठबोट्या' म्हणायचे आणि बाबांना त्याचा राग नव्हता. "दहा बोटांचं काम आठांत करायचो, मालकाचा फायदाच की," असं सांगून ते स्वतःच हसायचे.

ते ज्या तीन देशांत राबले, त्यांना घरात आम्ही कामावरून ओळखायचो. लाकडाच्या देशात नऊ वर्षं गेली, जहाजांच्या देशात वेल्डिंग करण्यात आठ, आणि बोगद्याच्या देशात पाच. बोगद्यातून ते परतले ते छातीत दगडाची धूळ भरूनच. त्रेसष्टाव्या वर्षी आमचे दोन जिने चढताना त्यांना चार वेळा थांबावं लागायचं. चौथ्यांदा थांबले की कठड्याला धरून म्हणायचे, "स्टेशन आलं, चहा घेऊन या."

मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिथे येणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाने मला सांगितलं, की परदेशात काम केलेल्यांच्या संघटनेचं एक ऑफिस आहे आणि तिथल्या बाई तिकडच्या पेन्शनचे कागद करून देतात. एका शनिवारी मी आईबाबांना घेऊन गेले. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीभर फायली. बाईंनी आधी बाबांना पाणी दिलं, त्यांचा श्वास बसेपर्यंत वाट पाहिली आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"या तिन्ही देशांचा आपसात करार आहे. प्रत्येक ठिकाणी विम्याचे पैसे पगारातून कापले गेलेत ना? मग ती सगळी वर्षं एकत्र धरतात. पंधरा भरली की प्रत्येक देश आपल्या वाट्याची पेन्शन देतो."

"बावीस भरतात," आई लगेच म्हणाली. तिने घरूनच हिशेब करून आणला होता.

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, धाप लागली असेल.

बाईंनी तिन्हीकडे पत्रं पाठवली. पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला, तसे आम्ही तिघं पुन्हा ऑफिसात गेलो. जहाजांच्या देशाने आठ वर्षं मान्य केली होती, बोगद्याच्या देशाने पाच. लाकडाच्या देशाने कळवलं होतं, की या नावाचा कामगार आमच्याकडे कधी नव्हताच.

"असं कसं होईल?" मी तिथेच भांडायला उठले. "बोटं काय घरी बसून तुटली?"

"बस खाली," बाबा म्हणाले. मग बाईंकडे न बघता, फरशीकडे बघत म्हणाले, "माझ्या नावावर नाही सापडणार ते. भावाच्या नावावर बघा."

अठ्ठावीस वर्षं मी त्यांची मुलगी होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

झालं होतं असं. कारखान्यात निवड झाली होती मोठ्या काकांची. एजंटाचे पैसे कर्ज काढून भरलेले, पासपोर्टवर व्हिसा लागलेला, आणि निघायला दहा दिवस असताना काकांना कावीळ झाली. पैसे परत मिळणार नव्हते. एजंटाने पासपोर्टवरचा फोटो बदलून दिला आणि काकांच्या नावाने बाबा विमानात बसले. सहा महिन्यांत काका बरे होतील, मग बघू, असं ठरलं होतं. ते बघू बघू करत नऊ वर्षं गेली.

"भाऊ कुठे असतात आता?" बाईंनी विचारलं.

"गेला. बारा वर्षं झाली."

"त्यांची बायको?"

"आहे."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग नीट ऐका. विधवेला पंधरा वर्षांची अट नाही, पाच पुरतात. तुमच्या वहिनींनी अर्ज केला तर त्यांना पेन्शन मिळू शकते. कागदावर सगळं स्वच्छ दिसतं. पण ते खोटं आहे आणि तसला अर्ज मी भरून देणार नाही. तुम्हाला स्वतःला ती वर्षं हवी असतील, तर ते काम तुम्ही केलं हे सिद्ध करावं लागेल. कारखान्याच्या अपघाताच्या नोंदीत डाव्या हाताची दोन बोटं लिहिलेली असणार. भावाची बोटं?"

"दहाच्या दहा."

"तर मग वहिनींचं प्रतिज्ञापत्र लागेल, की त्यांचा नवरा कधी देशाबाहेर गेलाच नाही."

"आणि मग मिळेल?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही. उलट ते सगळी नोंदच रद्द करू शकतात. मग कोणालाच काही नाही."

रस्त्यात आई म्हणाली, "सही मागून घ्या. पंधराला दोनच वर्षं कमी पडताहेत आपल्याला, भीक नाही मागत आपण." बाबा हं म्हणाले.

काकूचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे तिच्या एकाच खोलीचा पुढचा भाग, मध्ये पडदा. बाबांबरोबर मीच गेले, आई आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा काकूपुढे शर्टांचा ढीग होता आणि सगळं ऐकून होईपर्यंत तिने इस्त्री थांबवली नाही.

मग ती म्हणाली, "तुम्ही पैसे पाठवलेत, भाऊजी. कर्ज फिटलं, छप्पर झालं. मी नाही म्हणत नाही. पण तिकडे तुम्ही त्यांचं नाव घेऊन गेलात, तर इकडे त्यांच्याजवळ काय उरलं? पाणीपुरवठ्यात वॉचमनच्या नोकरीचा कॉल आला होता. कागद दाखवा म्हणाले. कागद कुठे? सरकारच्या लेखी हा माणूस परदेशात. तुम्ही परत आलात आणि नाव परत मिळालं, तोवर वयाची अट उलटून गेली होती. तुम्ही तिथे फळ्या कापत होतात, तेव्हा हे बाजारात पोती उचलत होते. पाठ गेली. पाठीसाठी गोळ्या खाऊन खाऊन मूत्रपिंडं गेली. तुमच्या बोटांची निदान कुठेतरी नोंद आहे."

तिने शर्टाची घडी घातली, पुढचा शर्ट पसरला आणि बाहीवर पाणी शिंपडलं. बाबा स्टुलावर बसले होते. त्यांच्या छातीतून येणारी शिट्टी मला ऐकू येत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "मी सही मागायला आलो नाही. नुसतं सांगायला आलोय. तुम्ही अर्ज करा. दुसरं कोणीही भरून देईल. मी आयुष्यात तोंड उघडणार नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरातून निघताना असं काही ठरलं नव्हतं.

काकूने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे मी तिकडे काय लिहून देऊ? माझ्या नवऱ्याची दोन बोटं तुटली होती? शेवटची अंघोळ मी घातली आहे त्यांना. दहा बोटं होती. एकेक धुतलं मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कागद आणलायस ना? आण इकडे."

तिने सही केली. सही करताना हाताचं पाणी लागून कोपऱ्यात डाग पडला, तर म्हणाली, "थांब, चालेल का हे, की दुसऱ्या कागदावर करू?" मी म्हटलं, चालेल.

घरी आल्यावर आईला सगळं कळलं. सही मिळाल्याचा आनंद तिला झालाच नाही. "अहो, तिला अर्ज कर म्हणालात? तुमच्या मागे माझं काय, याचा विचार आला का एकदा तरी मनात?" दोन दिवस घरात फक्त भांड्यांचेच आवाज होते.

सात महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. "त्यांना तुमचं म्हणणं पटलंय. काम तुम्हीच केलं, हे त्यांनी मान्य केलंय. म्हणूनच नोंद रद्द केली. ते म्हणतात, ज्याने काम केलं तो विमेदार नव्हता, आणि जो विमेदार होता त्याने काम केलं नाही. नऊच्या नऊ वर्षं बाद."

"आणि दर महिन्याला कापलेले पैसे?" मी विचारलं.

"त्यांच्याकडेच राहतील."

बाबांनी डावा हात टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला. "आणि बोटं?" ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

तेरा वर्षं राहिली. दोन कमी. अपिलाला नव्वद दिवस होते, बाईंनी त्याच दिवशी कागद तयार केला आणि बाबांनी सही केली. स्वतःच्या नावाची सही करताना ते क्षणभर अडखळले, की मला तसा भास झाला, कोण जाणे. त्याच महिन्यात कोणालाही न विचारता त्यांनी एका गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायचं काम धरलं. "बसून काम आहे, हवा खात बसायचं," असं म्हणाले. हवाच तर त्यांना मिळत नव्हती. अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी गोदामवाल्यांनी त्यांना रिक्षात घालून घरी पाठवलं.

अपिलाची तारीख लागायच्या आत ते गेले. दुपारची वेळ होती, वॉर्डात जेवणाची ताटं वाजत होती. मी त्यांच्या नखांचा रंग बघत होते, माझ्या कामाची ती सवयच आहे. आठ नखं निळी होत गेली.

महिन्याभराने बाईंनी आईला आणि मला बोलावलं. अपील आता बंद होणार होतं, अर्जदारच नाही म्हटल्यावर. पण त्यांनी दुसरा एक अर्ज पुढे केला. "जहाजांचा देश आणि बोगद्याचा देश. तेरा वर्षं त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत. तुम्ही आता विधवा आहात. तुम्हाला पाच पुरतात."

आईला आधी कळलंच नाही. "पण त्यांना तर दोन कमी पडत होती."

"जिवंत असताना पंधरा लागतात. त्यांच्या मागे तुम्हाला पाच."

"मग हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?" आई तडकून म्हणाली. आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. बाईंनी खिडकीकडे मान वळवली. अर्ज मीच भरला.

पेन्शन सुरू झाली आहे. दोन्ही देशांची मिळून फार नाही, पण दर महिन्याला येते. पहिल्यांदा पैसे काढले त्या दिवशी आई बँकेतून सरळ घरी आली नाही. मी शोधत निघाले, तर ती काकूच्या दुकानात स्टुलावर बसलेली दिसली. तेव्हापासून दर महिन्याला जाते. त्यातले काही पैसे ती काकूला देते का, हे मी विचारलेलं नाही.

"दोन दोन तास काय बोलत बसता गं तुम्ही?" एकदा मी विचारलं.

"बोलायचं काय," आई म्हणाली. "ती इस्त्री करते. मी बटणं लावून देते."