भाकणुकीचा जबाब

आटपाडीच्या पोलीस चौकीसमोर शालननं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि मग पदराखालच्या पोरीकडं. आणीबाणी लागल्यापासून तिला ही सवयच जडली होती. चहाच्या टपरीवर नवा माणूस दिसला तरी जीव दचकायचा. नवरा दादासो हायस्कुलात मास्तर. दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मोर्च्यात तो पुढं चालला होता. तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता तेच कुणी उकरून काढेल, ही तिची धास्ती. पोर आठ महिन्यांची, अजून अंगावरच पीत होती. विश्रामबागेतल्या तिच्या आईनं दिलेलं, लेकराला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं फळीवर पडून काळं झालं होतं.

पण बोलावणं आलं ते दादासोला नव्हे, तिला, साक्षीला. कारण बिराप्पा.

बिराप्पा म्हणजे माळावरच्या बिरोबाचा म्हातारा भक्त, मेंढरांमागं जन्म गेलेला. दरसाल दसऱ्यानंतरच्या यात्रेत त्याच्या अंगात देव यायचा आणि तो येत्या वर्षाची भाकणूक सांगायचा. पाऊस किती, बाजरी कशी, मेंढराला रोग येईल का. शेवटी राजाचं. "गादी डुगडुगंल," हे तर दरसाल ठरलेलं. लोक "चांगभलं" म्हणून भंडारा उधळायचे आणि पिवळेजर्द होऊन जेवायला बसायचे. यंदा तो आणखी म्हणाला, "बोलणाऱ्याचं त्वांड बांधत्याल. पर मुकं जित्राब बी हंबरंल." दुसऱ्या दिवशी त्याला उचललं. म्हणे अतिरेकी.

पायरीवर त्याची बायको दगडाबाई भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. तिनं शालनचा हात धरला. "मास्तरीणबाई, म्हातारा कायबी बोलला न्हाई म्हणून सांगा. तुमी शिकल्याल्या. तुमचं ऐकत्याल."

शालनच्याही मनात तेच होतं. गलक्यात ऐकू आलं नाही म्हणायचं. म्हातारा सुटेल, आपल्याही घरावर काही यायचं नाही.

आत बिराप्पा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. फौजदार तरुण, या भागात नवा.

"हे शब्द तुला दिले कुणी?"

"बिरोबानं."

"राहतो कुठं?"

"माळावर. या की एकडाव दर्शनाला."

हवालदारानं हसू दाबत तोंड फिरवलं. "देव हाय त्यो, साहेब."

"कळतंय मला!" फौजदार लालबुंद झाला आणि शालनकडं वळला. "बाई, तुम्ही पुढंच बसला होता. यानं सरकारविरुद्ध भाषण केलं ना?"

"तिथं इतका गलका होता, मला काही..."

"आगं पोरी," बिराप्पा कोपऱ्यातनं म्हणाला, "तू माज्या म्होरंच बसलीवतीस. लेकराच्या कपाळाला भंडारा म्याच लावला. देवाचं बोलणं कशाला झाकतीस?"

शालनला रागच आला. सुटायची एवढी सोपी वाट, आणि म्हातारा स्वतःच आडवा आला होता. त्याला सुटायचंच नव्हतं की काय? पण त्याच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. भाकणूक नाकारली तर देव खोटा पडतो, एवढीच त्याची काळजी.

"म्हणजे ऐकलं." फौजदारानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर इसमाने सरकारविरोधी भाषण करून जमावास चिथावणी दिली. करा सही."

"भाषण नव्हतं ते. भाकणूक होती. दरसाल असते."

"शब्द तेच ना? मास्तर पूर्वी मोर्च्यात होते म्हणे. मला उकरायला लावू नका."

म्हणजे ठाऊक होतं यांना. पोर चुळबुळली. कॉलेजात नागरिकांच्या हक्कांवर शालननं पानंच्या पानं लिहिली होती. तेव्हा मांडीवर कुणी नव्हतं.

"मी माझ्या हातानं लिहिते," ती म्हणाली. पोरीला एका कुशीत घेऊन तिनं कोरा कागद ओढला. भाकणूक दरसाल होते, यंदाही झाली. चिथावणी कुणी दिली नाही. चांगभलं सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं, भंडाराही उधळला. खाली पूर्ण नाव.

फौजदारानं वाचलं. "तुमचं कशाला लिहिलंत? कुणी विचारलं नव्हतं."

"झालं ते लिहिलं."

"बाई, लेकरू लहान आहे." त्याच्या आवाजात खरीखुरी कीव होती. धमकीपेक्षा तिला त्या कीवेचीच जास्त भीती वाटली.

बाहेर दगडाबाई उठून उभी राहिली. "सोडत्याल?"

"नाही वाटत, मावशी. ते बोलले, हे मी कबूल केलं. पण त्यात वाईट काही नव्हतं, हेही लिहून दिलंय."

दगडाबाई फडक्याची गाठ घट्ट करत म्हणाली, "भाकरी तरी देत्याल का बगा त्येला."

घरी दादासोनं सगळं ऐकून घेतलं. माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. "स्वेटर कुठं ठेवलाय माझा? न्यायला आले तर लागेल."

"तळाशी आहे," शालन म्हणाली. "माझाही काढून ठेवा."

मग तिनं फळीवरचं बोंडलं घेतलं, राखेनं घासून लख्ख केलं आणि दूध कोमट केलं. पोरीनं पहिला घोट थुंकला. दुसराही. ती पदराकडं झेपावून रडायला लागली. शालननं तिची हनुवटी पुसली आणि बोंडलं पुन्हा ओठाला लावलं.