पाठीवर पाय

"अगं, पाया पडू नकोस, पाय ठेव!" मी ओरडले.

वैष्णवीचा तळवा गंधारच्या पाठीला टेकला न टेकला तोच तिचा हात खाली गेला, त्याच्या पाठीला शिवला आणि स्वतःच्या छातीला लागला. तोल गेला. दोघंही मॅटवर धपकन आपटली आणि बाकीची पोरं खिदळली.

"काय करू मॅडम, पाय लागला की हात जातोच," वैष्णवी जीभ चावून म्हणाली.

आमच्याकडे केरसुणीला पाय लागला तरी नमस्कार करतात, मग माणसाला का नाही? पण आमच्या नाचात पाय लागतो, डोकं लागतं, आख्खं अंग लागतं. आपलं वजन दुसऱ्याच्या अंगावर बिनधास्त टाकायचं आणि त्याचं आपण झेलायचं. मी हे बंगळूरला शिकले. आई आजारी पडली म्हणून अर्ध्यात नांदेडला परतले आणि पुढे लातुरात एका बियाण्यांच्या दुकानावर क्लास काढला. पाटीवर 'समकालीन नृत्य' लिहिलं, तर लोक जिना चढून येऊन विचारायचे, "लावणी शिकवता का?" पोट भरतं ते शाळांच्या गॅदरिंगवर आणि लग्नाच्या संगीतावर. नवरीच्या मावशीला कंबर हलवायला शिकवायची आणि हललीच असं समजून टाळ्या वाजवायच्या. बाकी गावाचं मत एकच, पैसे देऊन लोळायला कशाला शिकायचं?

अशात औशाहून एसटीनं वैष्णवी यायला लागली. कॉलेज लातुरात, वडील शेषेराव औशाच्या शाळेत मास्तर. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना शिकवते तेच तिला शिकवलं. उभं राहून पाठ सोडायची. आधी मान सुटते, मग खांदे, मग एकेक मणका, बोटं जमिनीला टेकेपर्यंत. वर येताना उलटं, कमरेपासून. मान सगळ्यात शेवटी. पोरं कायम मान आधी उचलतात, घाई असते ना. हिनं पहिल्याच झटक्यात बरोबर केलं आणि मला रडूच आलं. मी खिडकीकडे जाऊन पंखा मोठा केल्यासारखं केलं.

फक्त ही पायाची सवय जाता जाईना. शेवटी मी विचारलं, "घरी कधी कुणाच्या पाठीवर पाय दिलास?"

"लहानपणी बाबांची पाठ दुखायची तर मी तुडवायचे. भिंतीला धरून, मानेपासून कमरेपर्यंत."

"तेव्हा नमस्कार करायचीस का?"

"न्हाई. बाबा झोपून जायचे."

"मग तसाच ठेव पाय. समोरच्याला झोप लागेल असा."

ती डोळे मिटून गंधारच्या पाठीवर चढली. हात कुठेच गेला नाही. गंधार खाली ओणवा, ती वर उभी, दोघांचा श्वास एक झालेला. त्या वर्षी आम्ही त्या जोडनाचाचा व्हिडिओ बंगळूरला माझ्या जुन्या नृत्यशाळेत पाठवला आणि तिकडून फोन आला की पोरगी घेतो, राहायची सोयही करतो. मी जिन्यात पेढे वाटले. खाली दुकानदारानं विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं?"

मग गंधारनं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. कौतुकानं ठेवला असेल, मी काही म्हणत नाही. पण तो फिरत फिरत वैष्णवीच्या भावकीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून आग लागली.

शेषेराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासवर आले. सोबत वैष्णवी, डोळे सुजलेले. माणूस सभ्य, आवाज चढवायची सवय नाही. चपला बाहेर काढून, नमस्कार करून बसले.

"मॅडम, तुमचं शिकवणं लई चांगलं असल. पण पोरीनं गड्याच्या पाठीवर पाय दिलाय. सकाळधरून फोनवर फोन यायलेत. भावकीतले आमचे भुजंगदादा मनायलेत, शेषा, तू मास्तर असून तुझ्या घरात हे?"

"आणि तुमची पाठ कोण तुडवत होतं सर?"

त्यांनी वैष्णवीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "ती लेक हाय, मी बाप हाय. तुमी दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"तिनं त्या पोराच्या पाया पडायचं. सगळ्यांदेखत. म्या शूटिंग करून दादाला पाठवतो, म्हंजे त्यांचं तोंड बंद होईल. मग बंगळूरचं बघू."

"माझ्या क्लासात कुणी कुणाच्या पाया पडत नाही!" माझा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला असणार.

"राहू द्या मॅडम," वैष्णवी म्हणाली. "बाबा बघू मनलेत. मी करते."

बंगळूरसाठी ती काहीही करायला तयार होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. गंधारला पुढे बोलावलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असलं काही नको. निदान पाय मागे घेतले असते. हा ठोंब्या पाय जुळवून उभा राहिला. मित्रांनी चिडवलं असणार ना, पोरीच्या पायाखाली होतास म्हणून. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

शेषेरावांनी मोबाइल धरला. वैष्णवी समोर उभी राहिली, तळवे जमिनीत रोवून. तिनं श्वास सोडला आणि मान सुटली. मग खांदे. मग पाठ, एकेक मणका, जराही घाई नाही. बोटं त्याच्या अंगठ्यांना टेकली, तिथे थांबली, आणि तशीच कमरेपासून वर आली. मान सगळ्यात शेवटी. वर आल्यावर तिनं गंधारकडे बघितलं, तेव्हा त्यानं खाली बघितलं. इतकं चांगलं मला स्वतःला कधी जमलं नाही.

"झालं बाबा," ती म्हणाली.

शेषेरावांना फक्त पाया पडलेली लेक दिसली. त्यांनी व्हिडिओ पाठवला, मला पुन्हा नमस्कार केला आणि तिला घेऊन गेले.

आठवडाभर ती आली नाही, म्हणून मी फोन केला. तो शेषेरावांनीच उचलला. "बंगळूरचं काय ठरलं सर?"

"त्याचं राहू द्या आता, मॅडम. तुमचे उपकारच हायेत. दादानं तो व्हिडिओ हिमायतनगरच्या पाव्हण्यांना दाखवला. बघूनच होकार कळवला त्यांनी. मनले, शहरात शिकून बी पोरगी किती नम्र हाय, किती सावकाश पाया पडली."

मी फोन ठेवला आणि हसले. दुसरं काय करणार? गाढवापुढे वाचली गीता, आणि गाढवानं नेमकी तीच पसंत केली.

दिवाळीनंतर नांदेडच्या एसटी स्टँडवर मी हिमायतनगरकडून आलेल्या गाडीत चढत होते. उतरणाऱ्यांची रेटारेटी. कुणाची तरी टाच माझ्या बोटांवर पडली आणि मी "आई गं!" म्हणून कळवळले. त्या बाईनं वर बघायच्या आधीच माझा पाय शिवून हात छातीला लावला. "चुकून लागला हो मावशी." मग तिनं चेहरा वर केला.

"मॅडम!"

वैष्णवीच. अंगावर जरीची साडी, हातात पिशव्या.

"बरी आहेस ना?"

"हाव. बरं हाय." ती हसली. "आता कुठं न्हाई नाचत मी." मी विचारलंही नव्हतं.

पलीकडून नवऱ्यानं हाक मारली, "चल की, औशाची गाडी लागली."

"आले." तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि रीतसर पाया पडायला वाकली. मी नको म्हणत होते आणि तिच्या पाठीकडे बघत होते. कमरेत मोडून ती झटकन वाकली, माझ्या पायांना बोटं लावली आणि उठली.

मान आधी वर आली.