ज्याचा त्याचा ढीग

त्या बाइंडिंगच्या कारखान्यात सात बायका एका लांब टेबलाशी बसून छापील कागदांना घड्या घालत. एका मोठ्या कागदाचा सोळा पानांचा फर्मा व्हायचा आणि तो टेबलाच्या मधोमध एकाच ढिगात पडायचा. कोणी किती घातले, हे कोणी विचारत नसे. विचारायचं तरी कशाला? जिला सगळ्या धाकटी म्हणत, तिची बोटं सांधेदुखीनं आखडलेली, तिच्या वाटणीच्या निम्म्या घड्या बाकीच्या सहा जणी उरकून टाकत. धाकटीला ते ठाऊक होतं, आणि बोलून दाखवायची कोणाला गरज वाटत नव्हती.

मग नवे साहेब आले. कामगारांना उत्साह कसा आणायचा, याचं कुठलंसं शिबिर करून आले होते म्हणे. आल्या आल्या त्यांनी सात जणींचे सात ढीग केले, ज्याचा त्याचा ढीग ज्यानं त्यानं बघायचा म्हणाले, आणि नावापुढे रोजची मोजणी लिहायला भिंतीवर फळा टांगला. महिनाअखेरीला फळ्यावर पहिली आली ती मोठी; तिला पुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. हिच्याकडे बघून शिका म्हणाले, आणि त्याच दमात फळ्यावर तळाला असलेल्या धाकटीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून मोकळे झाले. या दोघी सख्ख्या जावा आहेत, एका चुलीवर जेवतात, याचा त्या शहाण्याला पत्ताच नव्हता!

घरी धाकटी नेहमीसारखी भाजी चिरत बसली. मोठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखान्यात तर उरलेल्या पाच जणींनी तिच्याशी अबोलाच धरला. डबे उचलून त्या खिडकीपाशी जाऊन बसत आणि ही एकटी टेबलाशी घास चिवडत राही. शाबासकी कसली, चारचौघांत वाळीत टाकलं होतं तिला. मोठीनं मनाशी ठरवलं, धाकटीला परत याच टेबलाशी बसवायचं आणि या माणसाची चांगली जिरवायची.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम आलं. पहिलीच घडी घालताना मोठीला दिसलं, छत्तिसाव्या पानानंतर थेट पंचेचाळिसावं. छापतानाच पानं उलटीपालटी लागली होती. पूर्वी जिला दिसेल ती हाळी देई आणि सगळं काम थांबे. मोठीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मान वर करून बघते तो काय, पाचही जणी ओठ घट्ट आवळून भराभरा घड्या घालत होत्या. सगळ्यांना दिसलं होतं. समोरचीनं महिन्याभरात पहिल्यांदा मोठीच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुढचा कागद ओढला.

तीन हजार पुस्तकं शिवून, पुठ्ठे चढवून गेली आणि आठवड्याभरात परत आली. मालक स्वतः येऊन थडकले. साहेबांचा चेहरा पांढराफटक. एवढ्या जणींत एकीलाही दिसलं नाही का, म्हणून ते बायकांवरच उखडले.

"ज्याचा त्याचा ढीग ज्यानं त्यानं बघायचा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना साहेब?" मोठी म्हणाली.

चुकलेला फर्मा नव्यानं छापून दिला तर चार दिवसांत सगळी उसवून दुरुस्त होतील का, असं मालकांनी तिला विचारलं. होतील, पण धाकटीला परत कायमची कामावर घ्या आणि साहेबांना आमच्या जोडीला बसवा, असं तिनं सांगितलं. मालक इतके तापले होते की दोन्हीला हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सात जणींचा ढीग पुन्हा मधोमध पडला. साहेबांना टोकाला बसवलं होतं, त्यांचा ढीग वेगळा. दोऱ्यानं त्यांची बोटं कापली, दुपारपर्यंत जेमतेम अकरा पुस्तकं उसवून झाली. ते सारखे मधल्या ढिगाकडे बघत होते, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मोठीला दया आली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

धाकटीनं मात्र स्वतः उसवलेलं एक पुस्तक उचललं आणि साहेबांच्या ढिगाकडे हात नेला. मोठीनं तिचं मनगट मधेच धरलं.

"अहो जाऊबाई, माणूसच आहे तो," धाकटी हळूच म्हणाली.

"असू दे की," मोठी म्हणाली. "मोजू दे त्याला."