शालूबाईच्या कमरेची फिल्म

मी शालूबाईच्या कमरेची एमआरआय फिल्म बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय. मला कापलंय, फेकलंय आणि चिकटपट्टीनं जोडलंय, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जुलैत सांगलीला माझा जन्म झाला. शालूबाई कोरेगावजवळच्या वाडीतली. ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा उचलताना तिच्या कमरेत कळ आली ती गेलीच नाही. पाच महिने तिनं दात-ओठ खाऊन काढले. मग डाव्या पायाचं पाऊल उचलेना, तेव्हा तिचा भाऊ नानासो तिला जीपमध्ये आडवी घालून सांगलीला घेऊन आला. यंत्रात धातू चालत नाही म्हणून अंगावरचं सगळं काढायला लावलं. मंगळसूत्र तिनं भावाच्या मुठीत दिलं, पण जोडवी निघेनात. नर्सनं साबण लावून ती ओढली. मग अर्धा तास ती त्या ठकठकणाऱ्या बोगद्यात पडून राहिली. माणूस हललं की मी बिघडते. एवढ्या कळा येत असूनही ती तसूभर हलली नाही.

डॉक्टर आम्रपालीबाईंनी मला दिव्याच्या पेटीवर लावलं आणि पेनाचं टोक टेकवलं. "हे मणके आणि ह्या मधल्या गाद्या. ही चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली बघा. मागं सरकून शिरेवर बसलीय."

शालूबाईच्या डोळ्यांना धार लागली. "म्हंजी मी सोंग करत न्हाई न्हवं?"

"सोंग कोण म्हणतं?"

"दाजी म्हंत्यात," नानासो खाली बघत म्हणाला. "आमचं दाजी पायाळू हायती."

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसानं लाथ मारली की कमरेतली उसण जाते, अशी आपल्याकडची समजूत. शालूबाईचा नवरा नाथाजी या कामात नावाजलेला. दर रविवारी त्याच्या ओट्यावर माणसं पालथी पडायची. साधी लचक चार दिवसांत आपोआप जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडायची आणि नाव लाथेचं व्हायचं. बायकोला त्यानं पाच रविवार लाथा घातल्या. गुण येईना तशी लाथ वाढत गेली. घरातलीच बरी होत नाही म्हणजे आपली अब्रू जाते, असं त्याला वाटायचं. मग ती सोंग करते, हे त्यानं गावभर सांगून टाकलं.

"लाथा बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत ऑपरेशन करू. उशीर झाला तर पाऊल कायमचं लुळं पडेल. येताना ही फिल्म आणा, ऑपरेशनला समोर लागते."

घरी आल्यावर नाथाजीनं मला उलटीच धरून बघितलं. "धा गावची माणसं माझ्या लाथंनं उठून चालाय लागली, आन् माझ्याच बायकूला डाक्टर लागतोय व्हय?" असं म्हणून त्यानं मला ट्रंकेत टाकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. नानासो दोनदा येऊन हात हलवत परत गेला. पत्र्याच्या आतून मला शालूबाईचं कण्हणं ऐकू यायचं. माणसाचा द्वेष कसा करतात ते मी त्या ट्रंकेत शिकले.

ऑगस्टातल्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघतात, असं नाथाजीनं कुठंतरी ऐकलेलं. त्यानं ट्रंक उघडली आणि कात्रीनं माझा नेमका मधला तुकडा कापला. सरकलेली गादी त्याच तुकड्यावर होती.

शेजारचा धुळा म्हणाला, "आरं, वैनीची हाय ती. सांगलीला न्यायची हाय न्हवं?"

"कुटं न्हेत न्हाई," नाथाजी म्हणाला.

माझ्या मधोमध एक पांढरा पट्टा आहे. शिरांभोवतीचं पाणी तिथं दिसतं, आणि तिथून उजेड काचेसारखा आरपार जातो. ढगांतून सूर्य मोकळा झाला तसा नाथाजीनं तोच पट्टा डोळ्यांपुढं धरला. "हितनं झ्याक दिसतंय," तो म्हणाला. निर्जीव वस्तूला मुद्दाम काही करता येत नाही. पण मला काय वाटलं ते लपवणार नाही. मला वाटलं, बघ मेल्या, पोटभर बघ.

दुसऱ्या दिवसापासून तो जिथं बघेल तिथं मधोमध काळा डाग. साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, आतला पडदा भाजलाय, यावर औषध नाही. पारावरची माणसं हसली. "डोळं तर लख्ख हायती की रं गड्या. कामाचा कटाळा आला आसंल." हे कानावर आलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तो साताऱ्याला गेला तेवढ्या वेळात शालूबाईनं त्यानं अंगणात फेकलेले माझे तुकडे शोधले, मला जोडलं आणि धुळाकरवी भावाला निरोप धाडला. ऑपरेशन झालं. कळा थांबल्या, पण पाऊल काही उचललं नाही. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तीन आठवडे आधी यायला हवं होतं."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाटणकडचा एक माणूस ओट्यावर पालथा पडला. शालूबाई पाय ओढत बाहेर आली आणि तिनं मला खिडकीच्या गजाला लावलं.

"उठा दादा. आदी हिकडं बघा. ही माजी कंबार. ह्येंच्या लाथा खाऊन आशी झाली."

माणसानं माझ्याकडं बघितलं, नाथाजीच्या उचललेल्या पायाकडं बघितलं आणि चप्पल घालून वाटेला लागला.

"काय दावलंस त्येला?" नाथाजी ओरडला.

"तुमीच बघा की."

तो अगदी नाकाला नाक लागेल इतका जवळ आला. पेनाचं टोक जिथं टेकलं होतं, तिथंच त्यानं डोळे रोखले. बराच वेळ बघत राहिला.

"मला हितं काळंच दिसतंया," तो म्हणाला, आणि ओट्यावर खाली बसला. त्या रविवारनंतर तिथं कुणी पालथं पडलं नाही.

मी अजून त्याच खिडकीत आहे. उन्हानं पिवळी पडत चाललेय. तुमच्या घरात कुणी कंबर धरून बसलं असेल, तर माझ्यासारखी फिल्म निघेपर्यंत थांबू नका, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा. आणि नाथाजीला माफ कर, असं सांगायला माझ्याकडं येऊ नका. आधी शालूबाईचं पाऊल सरळ पडू दे, मग बघू.