घरचंच माणूस

पार्लरमध्ये नवीन बाई केस रंगवायला आली, की वहिनी आधी तिच्या कानामागे रंगाचा ठिपका लावायची आणि "दोन दिवस बघा, काही झालं नाही तर या" म्हणून परत पाठवायची. गिऱ्हाईक फणकारून गेलं तरी बेहत्तर. आख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. खरी नणंद मात्र एकच, नवऱ्याची धाकटी बहीण. तिचे केस ती वर्षानुवर्षं रंगवत आली होती. घरच्या माणसाला कोण ठिपके लावत बसतंय!

नणंद बँकेत होती. सोमवारी तिची बढतीची मुलाखत होती, म्हणून शनिवारी ती धावतपळत आली.

"वहिनी, मुळं बघ कशी पांढरी दिसतायत. म्हातारी समजून घरी बसवतील मला."

वहिनीने वाटीत रंग कालवला, हातमोजे चढवले आणि भांग पाडत ब्रश फिरवायला घेतला.

"मागच्या खेपेला कानामागे फार खाजलं होतं गं," नणंद म्हणाली. "फोनही केला होता तुला."

"डोकं नीट धुतलं नसशील. आंघोळीची आळशी तू, तुझ्या दादानंच सांगितलंय मला."

दोघी खो खो हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी नणंदेचा फोन आला. आवाज रडवेला होता. वहिनी धापा टाकत तिच्या घरी पोचली आणि दारातच थबकली. नणंदेचं कपाळ फुगलं होतं, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या, कानांच्या पाळ्यांतून पाणी झिरपत होतं.

"आरशात मीच मला ओळखेना," नणंद म्हणाली.

वहिनीने तिला तशीच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. श्वासाला त्रास नाही ना, याची खात्री करून बाईंनी सांगितलं, "केसांच्या रंगाची ॲलर्जी आहे."

"पण रंग तोच, डबाही त्याच कंपनीचा," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं काही झालं नाही."

"ॲलर्जी पहिल्याच भेटीत होत नाही. शरीर आधी त्या रसायनाची ओळख करून घेतं. कुणाचं कायम जुळवून घेतं, कुणाचं एक दिवस त्याला वैरी ठरवतं. एकदा ठरवलं की ते विसरत नाही, पुढच्या प्रत्येक वेळी चवताळून उठतं. कधी कधी आधी थोडी सूचनाही देतं. मागच्या वेळी खाज, लाली, असं काही?"

"नाही," नणंद चटकन म्हणाली.

सुजलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघायचंही टाळून नणंद आपल्याला वाचवतेय, हे वहिनीला कळलं.

"झालं होतं," वहिनी म्हणाली. "कानामागे खाजलं होतं. तिनं मला सांगितलंही होतं. मी हसण्यावारी नेलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं झालं. आता केसांचा असा रंग कायमचा बंद, कुठल्याही कंपनीचा. आणि भूल देणारी, जागा बधिर करणारी काही औषधं याच्याच नात्यातली असतात. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी हे सांगायचं."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "खोटं कशाला बोललीस?"

"आईला कळलं तर ती तुझ्या पार्लरच्या मागे लागेल. आधीच तिला ते डोळ्यासमोर नको असतं."

संध्याकाळी वहिनीने स्वतःच सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तोंड सोडतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्या नुसत्या म्हणाल्या, "तू काय मुद्दाम केलंस?" आणि भाजी चिरत राहिल्या. चार शब्द सुनावले असते तर वहिनीला झोप तरी लागली असती.

सोमवारची मुलाखत हुकली आणि बँकेने दुसरी तारीख दिली नाही. बढती दुसऱ्याच कुणाला मिळाली. वहिनीसमोर नणंदेने बढतीचं नावही कधी काढलं नाही.

सूज उतरली, कातडी सोलवटून निघाली, केस मुळांपासून पांढरे वाढू लागले. मग एका दुपारी नणंद पार्लरच्या खुर्चीत येऊन बसली.

"काप. अगदी बारीक. आता पांढरेच ठेवणार आहे."

वहिनीने कात्री उचलली, पण केसांना लावली नाही. "हात लावायची भीती वाटते गं मला."

"कात्रीची ॲलर्जी नसते, वहिनी."

नणंद हसली. वहिनीला हसू आलं नाही. तिने नणंदेच्या कानामागचे केस अलगद बाजूला केले, तिथली अजून लालसर असलेली कातडी नीट न्याहाळली आणि विचारलं, "इथे खाजतंय का अजून? खरं सांग."

"थोडं," नणंद म्हणाली.

वहिनीने कात्री खाली ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.